कंप लयीत हवा

ट्रेमोलो हा ध्वनिपरिणाम करतो ते काम एका वाक्यात सांगता येतं: तो आवाज ठरावीक वेगाने लहान-मोठा करत राहतो. स्वराची उंची जागची हलत नाही, कमी-जास्त होते ती फक्त आवाजाची पातळी. उंची हलली तर तो व्हायब्राटो. या दोघांची गल्लत गिटारवाल्यांमध्ये फार जुनी आहे. फेंडर कंपनीच्या कित्येक अॅम्प्लिफायरांवर ‘व्हायब्राटो’ छापलेलं असतं आणि आत ट्रेमोलो असतो. उलट त्याच कंपनीच्या 1954 सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या ज्या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हणतात, ती दाबली की सूर हलतो. ते सोडून देऊ. इतक्या साध्या क्रियेसाठी अख्खं प्रकरण कशाला, असं वाटेल. पण ट्रेमोलो बहुतेक वेळा चुकीच्या खात्यात टाकला जातो. प्लगइनच्या यादीत तो कोरस, फेजर, फ्लँजर यांच्या शेजारी दिसतो, म्हणून आवाजाला रंग चढवणारी सजावट, एवढीच त्याची ओळख राहते. माझं म्हणणं असं आहे की ट्रेमोलो लावणं म्हणजे गाण्यात आणखी एक तालवादक बसवणं. त्याचा वेग, आकार, खोली आणि इतर परिणामांच्या साखळीतली त्याची जागा, हे सगळं तालवादकाच्या बाबतीत जसं ठरवू तसंच ठरवायला हवं.

पहिला पुरावा कानाचाच आहे. एबरहार्ट त्स्विकर या जर्मन ध्वनिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आवाजाच्या चढउताराची जाणीव मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे 4 चढउतार असताना सर्वांत तीव्र असल्याचं दिसलं. वेग वाढवत नेला की साधारण 20 च्या पुढे सुटे ठोके ऐकू येईनासे होतात आणि त्यांच्या जागी खरखर जाणवू लागते. ही खरखर 70 च्या आसपास सर्वाधिक असते. आणखी पुढे गेलं तर मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना नवे सूर स्पष्ट ऐकू येतात. 440 हर्ट्झचा सूर सेकंदाला 100 वेळा लहान-मोठा केला, तर 340 आणि 540 हर्ट्झचे दोन पाहुणे त्याच्यासोबत हजर होतात. तिथे ट्रेमोलो संपतो आणि दुसराच परिणाम सुरू होतो. म्हणजे ट्रेमोलो म्हणून जो ओळखू येतो, तो साधारण सेकंदाला 1 ते 10 या पट्ट्यातला. आता लयीचा हिशोब पाहा. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर बरोबरीत सेकंदाला 2 ठोके पडतात, दुगुनीत 4, तिगुनीत 6 आणि चौगुनीत 8. हा तोच पट्टा आहे. तबला, ड्रम आणि ट्रेमोलो हे तिघं कानाच्या एकाच दाराने आत येतात, आणि तिथे एकाची लय दुसऱ्याशी जुळते की नाही हे आपोआप तपासलं जातं.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे वेगळ्या वाटेने माहीत आहे. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नाहीत, तर आवाजात एक लाट ऐकू येते. दोघींत 2 हर्ट्झचा फरक असेल तर ती सेकंदाला दोनदा येते. भौतिकदृष्ट्या हा ट्रेमोलोच आहे, आणि तानपुरा लावणारा तो घालवण्यासाठीच खुंट्या आणि मणी फिरवत बसतो. खर्ज-नर-नर पेटीत दोन नर रीड किंचित विसंवादी झाले तरी हीच लाट उठते आणि पेटी दुरुस्तीला जाते. याच लाटेसाठी गिटारवादक पैसे मोजतात आणि आपण ती दोष मानतो, यात विसंगती दिसते खरी. पण लाटेचा वेग कुठून आला ते बघितलं की विसंगती उरत नाही. तानपुऱ्यातली लाट बेसूरपणातून आलेली असते. फरक किती राहिला यावर तिचा वेग ठरतो आणि गायकाच्या लयीशी तिचं कसलंच देणंघेणं नसतं. पेटीत तर सूर बदलला की लाटेचा वेगही बदलतो. अशा निर्नायकी कंपाला कोणताही कान कंटाळतो, मग तो मिरजेतला असो की मेम्फिसमधला.

या परिणामाचा इतिहासही लयीच्याच अंगाने गेलेला दिसतो. गिटारसाठी बाजारात आलेल्या पहिल्या सुट्या परिणाम-यंत्रांपैकी एक म्हणजे 1940च्या दशकातलं डीआर्मंड ट्रेमोलो कंट्रोल. त्याची रचना आज वाचली तर हसू येईल. एक मोटर एका छोट्या डबीला हलवत राहते, डबीत वीजवाहक द्रव असतो, आणि द्रव हिंदकळून आतल्या टोकाला लागला की गिटारचा थोडा विद्युतसंकेत जमिनीकडे निसटतो. निसटला की आवाज कमी, द्रव मागे गेला की पुन्हा जास्त. गायक-गिटारवादक बो डिडली याने हेच यंत्र वापरलं. शिकागोत ध्वनिमुद्रित झालेलं, त्याच्याच नावाचं 1955 सालचं गाणं ऐकलं, तर गिटार जवळजवळ एकाच कॉर्डवर थांबलेली असते. स्वररचनेत काही घडतच नाही. जे घडतं ते गिटारच्या थरथरण्यात आणि जेरोम ग्रीनच्या माराकसमध्ये, आणि गिटार कुठे संपली नि माराकस कुठे सुरू झाले हे सांगणं अवघड व्हावं इतके ते एकमेकांत विणलेले आहेत. यंत्राचा वेग गाण्याशी आपोआप जुळवून देणारी कोणतीही सोय त्या काळी नव्हती. अशा वेळी एकच मार्ग उरतो: माणसाने यंत्राच्या लयीत वाजवायचं. एरवी तबलजीकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, ती इथे मोटरवर चालणाऱ्या डबीने पुरी केली.

त्याच 1955 मध्ये फेंडरने ट्रेमोलक्स हा आतच ट्रेमोलो असलेला अॅम्प्लिफायर काढला आणि पुढच्या दशकभरात एकाच कंपनीने तीन वेगळ्या पद्धतींनी हे काम करून पाहिलं. पहिल्या पद्धतीत व्हॉल्व्हच्या कार्यबिंदूलाच संथ हेलकावे दिले जात. तिचा कंप गोलसर आणि मऊ. 1960च्या सुमारास आलेल्या तपकिरी अॅम्प्लिफायरांपैकी काहींत आवाजाचे खालचे आणि वरचे असे दोन भाग करून ते आळीपाळीने चढवले-उतरवले जात, त्यामुळे एकूण पातळी फारशी न बदलता आवाजाचा पोत डुलत राही. 1963 नंतरच्या काळ्या पट्टीच्या मॉडेलांत एक निऑन दिवा लुकलुके आणि त्याच्या समोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक बसवलेला असे. तो दिवा झटकन पेटतो, पण रोध सावकाश पूर्ववत होतो, त्यामुळे कंपाची चढण आणि उतरण सारखी नसते. या तिरकेपणाकडे लक्ष द्यायला हवं. प्लगइनमध्ये आपण साइन, त्रिकोणी किंवा चौकोनी लाट निवडतो, तेव्हा खरं तर आघात किती टोकदार हवा ते ठरवत असतो. साइन लाटेत ठोका कुठे पडला हे नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. चौकोनी लाटेत ते अगदी स्पष्ट असतं, इतकं की कडा थोड्या मिलिसेकंदांनी गोल केल्या नाहीत तर टकटक ऐकू येते. तबल्यावर खुला ‘ना’ वाजवायचा की दाबलेला ‘ति’, तशा जातीचा हा निर्णय आहे. मऊ पॅडला मऊ लाट, असा सुंदरतेचा नियम लावून तो घेऊ नये. ड्रम जिथे आघात देत नाहीत तिथे टोक हवं, आणि जिथे आधीच हाय-हॅट चौगुनीत चालू आहे तिथे साइन पुरते.

लंडनमध्ये 1984 साली द स्मिथ्स या गटाने ‘हाउ सून इज नाउ?’ ध्वनिमुद्रित केलं. गिटारवादक जॉनी मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांना गिटारचा एक सलग, धडधडणारा भाग हवा होता. त्यांनी आधी कोणताही परिणाम न लावता गिटार टेपवर घेतली. मग ती मुद्रित गिटार चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अॅम्प्लिफायरांतून पुन्हा वाजवली आणि चारही अॅम्प्लिफायरांचा ट्रेमोलो चालू ठेवला. दोनांचे वेग मारच्या हातात, दोनांचे पोर्टरच्या. गाणं पुढे जाई, एखाद्या अॅम्प्लिफायरचा कंप ताल सोडू लागे, दोघं बटणं फिरवून त्याला परत आणायचा प्रयत्न करत. नाहीच जमलं तर टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा सुरू करायची. अशा तुकड्यातुकड्यांनी तो भाग पुरा झाला. कंप नुसता रंगासाठी हवा असता तर चार अॅम्प्लिफायर आपापल्या गतीने थरथरत ठेवून दोघांना चहा प्यायला जाता आलं असतं. तरीही ते अडून बसले, कारण तालाशी बांधलेली थरथर आणि सुटलेली थरथर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे त्यांच्या कानांना कळत होतं. हे गाणं आधी दुसऱ्या एका गाण्याच्या तबकडीची मागची बाजू म्हणून आलं आणि पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे निघालं. आज तो गट ज्या गाण्यांनी ओळखला जातो त्यांत त्याची गणना होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. 1950 आणि 60च्या दशकांतल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत कंप तालाशी जुळवलेला नव्हता, आणि तरी ती ध्वनिमुद्रणं सुंदर आहेत. पॉप्स स्टेपल्सची गॉस्पेल गाण्यांतली गिटार घ्या, किंवा नॅन्सी सिनात्राच्या आवाजातलं 1966 सालचं ‘बँग बँग’ घ्या, ज्यात बिली स्ट्रेंजच्या थरथरत्या गिटारशिवाय साथीला जवळजवळ काहीच नाही. आक्षेप खरा आहे, पण ही उदाहरणं नीट पाहावीत. ‘बँग बँग’मध्ये ड्रम नाहीत. जिथे दुसरा तालवादकच बसलेला नाही, तिथे ट्रेमोलो कोणाशी भांडणार? तो एकटाच लय धरतो आणि गायिका त्याच्या आजूबाजूने मोकळेपणाने फिरते. गिटारवादक लिंक रेच्या 1958 सालच्या ‘रंबल’मध्ये ड्रम आहेत, पण ठेका संथ आहे आणि शेवटाकडे वाढवलेला कंप त्याच्या कैक पट वेगवान आहे, इतक्या अंतरावर कान दोघांची तुलना करत नाही, एक नुसती चकाकी ऐकतो. अडचण होते ती मधल्या प्रदेशात, जिथे कंपाचा वेग तालाच्या एखाद्या पटीच्या अगदी जवळ असतो पण नेमका त्यावर नसतो. 120 च्या लयीत दुगुनीचा वेग 4 हर्ट्झ. बटण चुकून 4.1 वर राहिलं, तर दर 10 सेकंदांनी कंपाचा एक अख्खा फेरा निसटतो. म्हणजे सुरुवातीला मात्रेवर असलेलं कंपाचं शिखर 5 सेकंदांनी, दहाव्या मात्रेनंतर, खड्डा होऊन बसतं आणि ज्या क्षणी गिटारने जोर द्यायचा तिथेच ती गप्प होते. श्रोत्याला कारण सांगता येणार नाही. तो फक्त म्हणेल की गाणं मध्येच ढिलं पडतंय.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. आता संगणकावर एक बटण दाबलं की कंप तालाला घट्ट बांधला जातो आणि त्यामुळेच तो यांत्रिक, निर्जीव वाटतो, असं पुष्कळ जण म्हणतात. यात तथ्य आहे, पण दोष बांधण्याचा नाही. बटणाने वेग जुळतो. कंपाची सुरुवात कुठून व्हावी हे बहुतेक वेळा कोणी बघतच नाही. शिखर मात्रेवर ठेवलं तर गिटार ड्रमबरोबर ठोकते. तेच अर्धा फेरा पुढे सरकवलं तर स्नेअरच्या क्षणी गिटार मागे हटते आणि दोन आघातांच्या मधली जागा भरते; नृत्यसंगीतात किक ड्रमच्या इशाऱ्यावर कॉम्प्रेसर चालवून बाकीचे सगळे आवाज दाबतात, तेव्हा नेमकं हेच होत असतं, आणि एरिक प्रिड्झच्या 2004 सालच्या ‘कॉल ऑन मी’मध्ये तर तो श्वास घेतल्यासारखा चढउतार गाण्याची ओळख झाला. शिवाय दुगुन-चौगुन एवढ्यावरच थांबण्याची सक्ती कोणी केलेली नाही. दोन मात्रांत तीन असा आडीचा कंप, म्हणजे 120 ला 3 हर्ट्झ, तालाशी पूर्ण बांधलेला असूनही दर मात्रेला वेगळा बसतो आणि समेला भेटतो. लयकारीत वाढलेल्या कानांना हे सांगायला नको. तरी मराठी गाण्यांच्या मिक्समध्ये अशी आडी क्वचितच ऐकू येते, ही मला आळसाची खूण वाटते.

उरलं आपल्या संगीताचं म्हणणं: आमची लय लवचीक असते, अभंग चढत जातो, भावगीतात कडव्याच्या शेवटी ठहराव येतो, तिथे यंत्राच्या ठोक्याला बांधून कसं चालेल? बरोबर आहे, आणि म्हणून अशा ध्वनिमुद्रणात आधी वादकांनी वाजवून घ्यावं, मग त्यांच्या लयीचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये मात्रेमात्रेने आखून कंपाने तो नकाशा पाळावा. तेवढी मेहनत करायची नसेल, तर तालवाद्यांबरोबर ट्रेमोलो न लावलेला बरा. आलापीत, जिथे ताल सुरूच झालेला नाही, तिथे आधाराच्या एखाद्या पॅडला संथ कंप द्यायला हरकत नाही. गाणाऱ्याच्या आवाजावर मात्र हात आखडता ठेवावा. बोलण्यात सेकंदाला साधारण 4-5 अक्षरं येतात, गाण्यात अनेकदा त्याहून कमी, म्हणजे शब्द आणि ट्रेमोलो एकाच पट्ट्यात राहतात, आणि खोल कंप अक्षरंच खातो. टॉमी जेम्स अँड द शॉन्डेल्सच्या 1968 सालच्या ‘क्रिमझन अँड क्लोव्हर’मध्ये गायकांचा आवाज थरथरत्या अॅम्प्लिफायरमधून काढला आहे, पण तो शेवटाकडे, जिथे गाण्याचं नावच पुन्हा पुन्हा येतं. ते शब्द तोवर श्रोत्याला पाठ झालेले असतात.

खोलीबद्दल एक हिशोब लक्षात ठेवला तर फसगत टळते. आवाज पूर्ण शून्यापर्यंत खाली नेणारी साइन लाट लावली, तर त्या ट्रॅकची सरासरी शक्ती सुमारे 4.3 डेसिबलने घटते; निम्म्या पातळीपर्यंतच नेली तर सुमारे 2.3 डेसिबलने. परिणाम चालू केला की गिटार मागे गेल्यासारखी वाटते आणि नवखा माणूस परिणामालाच दोष देतो. आधी ही घट भरून काढावी, मगच तुलना करावी. जागेचा प्रश्नही असाच लयीचा आहे. ट्रेमोलो आधी आणि रिव्हर्ब नंतर असेल तर रिव्हर्बची शेपटी प्रत्येक खड्डा भरून टाकते आणि ठोका बोथट होतो. रिव्हर्बनंतर ट्रेमोलो ठेवला तर शेपटीसुद्धा तालात चिरली जाते. ट्रेमोलोनंतर कॉम्प्रेसर लावला तर एकाने पाडलेले खड्डे दुसरा बुजवतो, आणि डिस्टॉर्शन लावलं तर पातळीचा चढउतार पोताच्या चढउतारात बदलतो. यांपैकी काहीच मुळात चूक नाही. ठोका ऐकू यायला हवा असेल तर ट्रेमोलो साखळीत शेवटाकडे हवा, एवढंच.

शेवटी स्टीरिओ. कंप डावीकडे चढताना उजवीकडे उतरावा, अशी रचना ऱ्होड्सच्या सूटकेस पियानोत होती आणि आज ती बहुतेक प्लगइनमध्ये सापडते. हेडफोनवर ती मोहक वाटते. पण डावी आणि उजवी बाजू सरळ गणिताने एकमेकींना पूरक ठेवल्या असतील, तर दोन्ही मिळून बेरीज कायम सारखीच येते: मोनो स्पीकरवर ट्रेमोलो थोडासुद्धा ऐकू येत नाही. समान शक्तीचं गणित वापरलं तर 3 डेसिबलचा चढउतार उरतो, तोही अपेक्षेच्या दुप्पट वेगाने. गणपतीच्या मंडपातला कर्णा मोनो असतो, दुकानातला छोटा स्पीकर आणि कित्येक फोनही तसेच. म्हणून तुमच्या गाण्याचा ताल या कंपावर उभा असेल तर दोन्ही बाजूंचा कंप एकत्रच चढवा-उतरवा. आणि फाइल पाठवण्याआधी मोनोचं बटण दाबून, ड्रम आणि तो एक ट्रॅक एवढेच चालू ठेवून, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐका.